जुनं काढून नवं आणताना ‘हे कितपत तयार आहे’ हे कसं सांगायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं एक छोटंसं ओपन सोर्स टूल आहे, जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमधे आणणारं. १.६ व्हर्जन नीट चालू होतं, मी ते मोडून अख्खं नव्याने लिहिलं, २.० म्हणून सोडलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. त्यानंतर बाकीची मेंटेनर मंडळी (म्हणजे अशी टूल्स सांभाळणारी) तेच तेच प्रश्न विचारायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवेल तसं.

नक्की काय झालं होतं तुमच्याकडे?

दसऱ्याच्या आसपास २.० काढलं. वेळ बघा, म्हणजे सगळे दिवाळी अंक छापखान्यात असतात तेव्हा. एका तालुक्याच्या गावातल्या प्रेसचे काका माझं टूल आधीपासून वापरायचे, लेखकांकडून अजूनही जुन्या फॉन्टातल्या फायली येतात त्या ते युनिकोडमधे करून घेतात. त्यांना वाटलं २ आलंय म्हणजे १ पेक्षा चांगलंच असणार, त्यांनी घेतलं, अख्खा अंक त्यातून काढला.

आता झालं असं की जुन्या कोडमधे ‘ऱ्य’ साठी मी र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर असं लिहायचो. २.० मधे मी हुशारी केली, साफसफाईची एक पायरी टाकली आणि ‘न दिसणारं ते सगळं कचरा’ असं समजून उडवून टाकलं. परिणाम, दऱ्याखोऱ्यांतून फिरणारा माणूस दर्याखोर्यांतून फिरायला लागला. एका कथेत लग्नाच्या पंगतीसाठी आचाऱ्यांनी जिलब्या तळल्या होत्या, अंकात त्या आचार्यांनी तळल्या. प्रूफ वाचणाऱ्याने दोन पानं वाचून फोन केला म्हणून वाचलो, पण तोवर एक फर्मा (एकदम छापला जाणारा पानांचा गठ्ठा) छापून झाला होता.

आणि हे फाइंड-रिप्लेसने सुटत नाही बरं का, कारण सूर्य, आर्य, कार्य हे सगळे खरोखरच रफारवाले शब्द आहेत, आंधळेपणाने सगळं बदललं तर सूर्याचा सूऱ्या होतो. शब्दागणिक बसून बघावं लागतं. दोन रात्री बसलो मी काकांबरोबर.

पण रिलीझ नोट्समधे लिहिलं होतं ना, ‘आधी टेस्ट करा’ म्हणून?

लिहिलं होतं की. अकराव्या ओळीत. काकांनी पहिली ओळ पण वाचली नव्हती, आणि का वाचावी? डाउनलोडच्या बटणावर २.० होतं, आणि माझ्या पानावर १.६ शोधायला खाली तीन वेळा स्क्रोल करावं लागत होतं. बटण काय म्हणतं तेच तुमचं म्हणणं. खाली बारीक अक्षरात काहीही लिहा.

हे फक्त छोट्या प्रोजेक्टांचं होतं का?

छे. यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट केडीई ४.० ची, केडीई म्हणजे लिनक्सवर वापरायचा एक डेस्कटॉप. ज्यांनी तेव्हा लिनक्स वापरलंय त्यांना आठवत असेल, बाकीच्यांसाठी जरा सविस्तर सांगतो कारण यात सगळंच आहे.

केडीई ३.५ म्हणजे घासून पुसून तयार झालेला डेस्कटॉप होता, लोक त्यावर खूश होते. मग क्यूटी ४ वर (खिडक्या, बटणं काढून देणारी तयार लायब्ररी) सगळं नव्याने उभं करायचं ठरलं, जुना डेस्कटॉप आणि पॅनेल म्हणजे कडेची पट्टी काढून त्यांच्या जागी प्लाझ्मा आलं, आणि ११ जानेवारी २००८ ला ४.० बाहेर पडलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला गूगलच्या ऑफिसात रिलीझचा सोहळासुद्धा झाला. आता लोकांनी लावून बघितलं तर साधं पॅनेल आपोआप लपवता येईना, ती सोय थेट ४.२ मधे परत आली. मेल-कॅलेंडरचा अख्खा संच ४.० मधे नव्हताच, तो ४.१ मधे आला. डेस्कटॉपवरच्या आयकॉनांचं वागणं बदललं होतं. क्रॅश तर विचारू नका.

केडीईवाल्यांचं म्हणणं असं की ४.० म्हणजे अख्खी ४ मालिका नव्हे, ती फक्त पहिली पायरी, खालची लायब्ररी पक्की झाली आहे तर ॲप लिहिणाऱ्यांनी आता त्यावर यावं, सामान्य माणसासाठी पुढची व्हर्जन्स येतीलच. आणि गंमत म्हणजे त्यांच्या आतल्या हिशेबात हे अगदी बरोबर होतं! लायब्ररीच्या दृष्टीने ते खरंच .० होतं. पण त्यांनी एकाच आकड्यात दोन माणसांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगायचा प्रयत्न केला, डेव्हलपरला ‘या’ आणि वापरणाऱ्याला ‘थांबा’, आणि वापरणाऱ्याने तो आकडा बघून ‘या’ एवढंच ऐकलं. तीन-पाच झालं, आता चार-शून्य आलं, चार मोठं की तीन?

लिनक्स बनवणारा खुद्द लिनस टोरवाल्ड्स केडीई वापरायचा, तो यावरून ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेला आणि २००९ मधे एका मुलाखतीत ते उघड बोलून दाखवलं. (पुढे ग्नोम ३ आलं आणि तो तिथूनही वैतागून उठला, पण ते असो.) काही लोक तर इतके रुसले की त्यांनी ३.५ चा कोड घेऊन ट्रिनिटी नावाचा वेगळा डेस्कटॉप सुरू केला आणि तो आजही चालू आहे.

मग चूक कोणाची, केडीईची का डिस्ट्रोवाल्यांची?

डिस्ट्रोवाले म्हणजे लिनक्स आणि त्यावरची सॉफ्टवेअर एकत्र बांधून वाटणारे. यावर भांडणं करण्यात लोकांची वर्षं गेलीत. फेडोराचं नववं व्हर्जन मे २००८ मधे आलं त्यात केडीई म्हणजे ४.० च, ३.५ चा डेस्कटॉप मिळायची सोय नाही. ओपनसुसे ११.० जूनमधे आलं, त्यांनी दोन्ही ठेवले, ज्याला जे हवं ते. केडीईने स्वतः ३.५ सोडून दिलं नव्हतं, ऑगस्ट २००८ मधे ३.५.१० निघालं. म्हणजे जुनं जिवंत होतं, दुरुस्तही होत होतं, फक्त ते जिवंत आहे हे सांगणारा आवाज ४.० च्या ढोलताशात कोणाला ऐकूच आला नाही.

माझं मत विचाराल तर पॅकेज करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तोही तुमचा वाचकच आहे. त्याने नवीन आकडा उचलला कारण तुम्ही त्याला दुसरं काही स्पष्ट सांगितलं नव्हतं.

अल्फा, बीटा, आरसी असं लिहिलं तर लोकांना कळतं ना?

कळतं, जर तुम्ही स्वतः तो शब्द पाळलात तर. आरसी म्हणजे रिलीझ कँडिडेट, ‘काही मोठं सापडलं नाही तर हेच फायनल’ असा सर्वसाधारण समज. अँग्युलर २ (वेब ॲप बांधायचं फ्रेमवर्क) च्या वेळी काय झालं, ऑगस्ट २०१६ मधे पाचव्या आरसीत त्यांनी मॉड्यूलची नवी पद्धत आणली, ज्यांनी ‘आरसी आलंय, आता काही हलत नाही’ म्हणून कोड लिहायला घेतला होता त्यांना परत सगळं उकलून शिवावं लागलं. फायनल सप्टेंबरमधे आलं. माझ्या एका मित्राने तेव्हापासून आरसीचा अर्थ ‘रोज चेंज’ असा लावलाय, आणि त्याला समजावून काही उपयोग होत नाही.

उलट गिम्पचं बघा, चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर. ३.० यायच्या आधी २.९९ नावाची मालिका २०२० पासून चालली होती, ३.० शेवटी मार्च २०२५ मधे आलं. २.९९ हा आकडा बघूनच कळतं की हे अजून पोचलेलं नाही, दारात उभं आहे. चार वर्षं दारात उभं राहिलं म्हणून लोकांनी विनोद भरपूर केले, पण २.९९ लावून कोणी म्हणालं नाही की तुम्ही मला फसवलंत.

मग ०.९ वरच राहिलो तर? कोणी बोलणार नाही ना काही?

हा दुसऱ्या टोकाचा आजार. १.० म्हणजे जबाबदारी, म्हणून लोक ०.९.३७ पर्यंत जात राहतात. सेमव्हरच्या (व्हर्जनचे आकडे कसे द्यायचे याची एक पद्धत) नियमात शून्याने सुरू होणाऱ्या आकड्याचा अर्थ सरळ आहे, काहीही कधीही बदलू शकतं.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे हार्फबझ. तुम्ही आत्ता हे देवनागरी वाचताय, त्यात ‘कि’ मधली वेलांटी क च्या आधी जाते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, हे सगळं जागच्या जागी लावायचं काम बहुतेक करून तेच करत असतं. त्यानेही जुन्या कोडची जागा घेतली होती, आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, ग्नोम सगळ्यांनी ते उचललं तेव्हा त्याचा आकडा १.० च्या खालीच होता. १.० आलं २०१५ मधे. म्हणजे निम्मं जग ज्याच्यावर चालतंय त्याचा स्वतःचा आकडा म्हणतोय ‘मी अजून तयार नाही’. तिथे निभावलं कारण वापरणारे सगळे ब्राउझर आणि टूलकिटवाले, ते एकमेकांना ओळखत होते, आकडा बघून कोणी निर्णय घेत नव्हतं. तुमच्या टूलचे गिऱ्हाईक तसे आहेत का? माझे तर नव्हते.

आकड्याने सांगायचं नाही तर मग सांगायचं कशाने?

आकड्याने पण सांगायचंच, फक्त आकड्यावर सोडून द्यायचं नाही. मी आता रीडमीच्या (प्रोजेक्टच्या माहितीच्या पानाच्या) अगदी वर, लोगोच्याही आधी, चार-पाच ओळी लिहितो. २.१ च्या वेळी लिहिलेल्या जशाच्या तशा देतो:

‘हे २.१ आहे. साधा सलग मजकूर असेल तर बिनधास्त वापरा, आम्ही रोज वापरतो. टेबलं, तळटीपा किंवा एका फायलीत दोन फॉन्ट असतील तर अजून १.६ च वापरा, २.१ मधे ते जमत नाही. १.६ मधले बग पुढच्या दिवाळीपर्यंत दुरुस्त करू. अंक छपाईला जाणार असेल तर आधी दोन पानं करून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ वाले शब्द डोळ्याने बघा.’

बस. यात ‘स्टेबल’ हा शब्दच नाही. कोणी यावं, कोणी अजून येऊ नये, जुनं कधीपर्यंत आहे, आणि नेमकं कुठे बघायचं एवढंच. ‘कोणी अजून येऊ नये’ ही ओळ लिहायला सगळ्यात जड जातं, आपण एवढी मेहनत घेऊन लिहिलेलं असतं आणि वर आपणच सांगायचं की तुम्ही घेऊ नका. पण लोकांचा विश्वास त्याच ओळीमुळे बसतो, हे मी बघितलंय. मला त्या ओळीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मेल केला की ‘आमच्याकडे तळटीपा आहेत, तर आम्ही थांबतो, झालं की कळवा’.

‘प्रोडक्शन रेडी’ लिहू का?

म्हणजे ‘खऱ्या कामाला लावायला तयार’. कोणाच्या प्रोडक्शनसाठी, हे सांगणार असाल तर लिहा. नाहीतर नको.

मराठीत कोणते शब्द वापरावेत? स्थिर आवृत्ती? चाचणी आवृत्ती?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण माझं डोकं इथेच उघडलं. मी काकांना फोनवर समजावत होतो की अहो ते खरं तर बीटा होतं. ते म्हणाले, बीटा म्हणजे काय? मी म्हटलं चाचणी आवृत्ती. ते म्हणाले, मग मी चाचणी घेतलीच की, चालू झालं, फाइल आली बाहेर. त्यांचं काय चुकलं? टूल चालतं का हीच त्यांच्या लेखी चाचणी.

मग म्हटलं, काका, हे अजून प्रूफ आहे, छपाईला सोडायचं नाही. एका सेकंदात समजलं. ‘असं सांगायचं ना मग, पहिलं प्रूफ का दुसरं?’ म्हणजे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त बारीक भाषा तयार होती! पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, प्रिंट ऑर्डर. ते जन्मभर ‘हे किती तयार आहे’ याच प्रश्नावर काम करतायत आणि मी त्यांना ग्रीक अक्षरं शिकवत होतो.

आता माझ्या टूलमधे तीन अवस्था आहेत आणि त्यांची नावं हीच आहेत. प्रूफ अवस्थेतलं व्हर्जन असेल तर बाहेर पडणाऱ्या फायलीच्या पहिल्या ओळीत ‘प्रूफ, छपाईसाठी नाही’ असं येतं, ती हाताने पुसावी लागते. लोक चिडतात त्यावर. चिडू देत. बँकेचं सॉफ्टवेअर असेल तर बँकेचे शब्द शोधा, शाळेचं असेल तर शाळेचे.

नवं व्हर्जन तयार झालं, पण ‘डीफॉल्ट’ कधी करायचं?

तयार होणं आणि डीफॉल्ट होणं या दोन वेगळ्या तारखा असू शकतात हेच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्ह्यू ३ चं (वेबपानं बनवायची लायब्ररी) उदाहरण मला यात सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. १८ सप्टेंबर २०२० ला ३.० अधिकृतपणे आलं, पण एनपीएमवर (अशी पॅकेजं जिथून उतरवतात तिथे) नुसतं ‘व्ह्यू’ मागितलं तर २ च मिळायचं. ३ हवं असेल तर ‘नेक्स्ट’ असा टॅग लावून मागायचं. का, तर राउटर, डेव्हटूल्स, डॉक्युमेंटेशन, आजूबाजूच्या लायब्ऱ्या हे सगळं अजून मागून येत होतं. ७ फेब्रुवारी २०२२ ला त्यांनी ३ ला डीफॉल्ट केलं. जवळजवळ दीड वर्ष!

म्हणजे कोअर पक्का झाला याचा अर्थ माणूस त्यावर संसार थाटू शकतो असा नाही, त्याला गॅस, पाणी, दळण सगळं लागतं. व्ह्यूवर पण टीका झालीच, ज्यांच्या बिल्डमधे आकडा न लिहिता ‘लेटेस्ट’ घेतलेलं होतं त्यांच्या पानांवर डीफॉल्ट बदलल्या दिवशी गोंधळ झाला असणार हे त्यांनाही माहीत होतं म्हणून आधी तारीख सांगून ठेवली. आणि पुढे २०२२ च्या जुलैत २.७ काढून ३ मधल्या बऱ्याच सोयी जुन्यातही दिल्या, म्हणजे मधला जिना बांधून दिला.

मी यावरून घेतलेला नियम एवढाच, बटणावरचा आकडा बदलायची तारीख रिलीझच्या तारखेपेक्षा वेगळी ठेवायची आणि ती आधी जाहीर करायची. आणि दिवाळीच्या आधी तर नाहीच नाही.

जुन्या व्हर्जनबद्दल किती बोलायचं? नव्याची जाहिरात करताना जुन्याचं कौतुक विचित्र नाही का वाटत?

वाटतं. तरी बोलायचं. नवं किती पिकलंय हे लोक नव्याकडे बघून ठरवत नाहीत, ‘जुनं मला कधीपर्यंत सांभाळून घेईल’ हे बघून ठरवतात.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं घ्या. ३.० आलं ३ डिसेंबर २००८ ला. त्यातलं फायली वाचणं-लिहिणं भयंकर संथ होतं, ते ३.१ मधे सी भाषेत परत लिहून सुधारलं. जुनं २.७ आलं २०१० मधे, म्हणजे ३.० च्या नंतर! त्याला आधी २०१५ पर्यंतची मुदत होती, २०१४ मधे ती वाढवून २०२० केली. ही मुदतवाढ म्हणजे प्रामाणिक कबुलीच होती की बाबांनो, तुम्ही आलेला नाहीत हे आम्हाला दिसतंय. २.८ कधीच येणार नाही हे सांगायला त्यांनी एक वेगळा प्रस्तावच लिहून ठेवला आणि त्याला नंबर दिला ४०४, ‘सापडले नाही’ वाला. मला ही जगातली सगळ्यात चांगली ‘नाही’ म्हणायची पद्धत वाटते. शेवटचं २.७.१८ एप्रिल २०२० मधे निघालं आणि विषय संपला.

शिवाय ३.३ मधे २०१२ ला त्यांनी जुन्या पद्धतीची, मजकुराच्या आधी ‘यू’ लावून लिहायची स्ट्रिंग परत चालू केली, का तर एकच कोड दोन्हीकडे चालावा. सुरुवातीला ते म्हणत होते कोड बदलून देणारं टूल चालवा आणि एका झटक्यात ३ वर या. लोक एका झटक्यात येत नाहीत, सवंगड्यांसकट येतात, हे मान्य करायला चार वर्षं लागली.

आणि न बोलल्याने काय होतं ते बघायचं असेल तर पर्ल ही भाषा. पर्ल ६ ची घोषणा २०००ची, पहिलं पक्कं व्हर्जन आलं २०१५ च्या डिसेंबरमधे. पंधरा वर्षं बाहेरच्या माणसाला वाटत राहिलं की ५ आता जाणार, ६ येणार. ५ वर काम जोरात चालू होतं, पण पाचाच्या पुढे सहा येतो हे शाळेत शिकवलेलं असतं ना. शेवटी २०१९ मधे सहाचं नाव बदलून राकू केलं.

म्हणजे नावच बदलावं का सरळ?

जर नवं हे जुन्याची जागा खरोखर घेणारच नसेल तर हो, आणि लवकर. जागा घेणार असेल तर नको, मग लोकांना वाटतं जुनं तसंच चालू राहणार.

जुनं आणि नवं एकाच मशीनवर ठेवता यायला हवं का?

हवंच, आणि ही तांत्रिक सोय नाही, हेसुद्धा सांगणंच आहे. परत जायचा रस्ता उघडा ठेवला की माणूस मोकळेपणाने पुढे येऊन बघतो. फेडोरा २५ ने २०१६ मधे ग्नोमसाठी वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, जुन्या एक्सच्या जागी) डीफॉल्ट केलं तेव्हा लॉगिनच्या स्क्रीनवर एक बारीक चाकाचं चिन्ह ठेवलं होतं, तिथून जुन्या एक्स सेशनमधे जाता यायचं. नाही जमलं, जा परत, उद्या बघ. पायथनने कमांडचं नावच ‘पायथन३’ वेगळं ठेवलं. माझ्या २.० ने मात्र १.६ च्या डोक्यावरच बसून घेतलं होतं, तेच फोल्डर, तेच नाव. काकांना परत जायचं होतं तर आधी काढा, मग जुनं शोधा, मग टाका, आणि त्यांच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट.

हे सगळं लिहायचं कुठे कुठे?

रीडमीचं वर सांगितलंच. पण रीडमी वाचणारे थोडे, त्यामुळे:

गिटहबवर (कोड ठेवायची साइट) रिलीझ करताना ‘प्री-रिलीझ’ची खूण करायची, नाहीतर ते आपोआप ‘लेटेस्ट’ म्हणून मिरवतं. पायथनचं पॅकेज असेल तर आकड्याला बीटाचं शेपूट लावा, पिप (पायथनची पॅकेजं उतरवणारं टूल) स्वतःहून ते उचलत नाही, मुद्दाम मागितलं तरच देतो. पायपीआयवर (पायथनची पॅकेजं जिथे ठेवतात तिथे) अवस्थेची पाटी असते, प्लॅनिंगपासून इनॲक्टिव्हपर्यंत सात पायऱ्या आहेत, ती बहुतेक लोक प्रोजेक्ट सुरू करताना एकदा ‘अल्फा’ भरतात आणि नंतर तिच्याकडे बघत नाहीत, माझंही २.१ पर्यंत ‘अल्फा’च होतं, कोणीतरी दाखवून दिलं तेव्हा लाज वाटली. आणि टूलने स्वतः उघडताना एक ओळ बोलायला हरकत नाही. एकच ओळ हं.

सगळ्या प्रोजेक्टला एकच शिक्का कशाला, भागाभागाला वेगळा दिला तर?

द्या ना, हेच बरं. नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) डॉक्युमेंटेशनमधे प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, हे प्रायोगिक, हे पक्कं, हे जुनं झालंय वापरू नका. माझ्याकडे फॉन्टनिहाय तक्ता आहे, कारण एका फॉन्टचं काम सोळा आणे झालेलं असतं आणि दुसऱ्याच्या ‘क्ष’ पाशीच गाडी अडलेली असते.

पण बीटा कोणी वापरतच नाही, मग बग सापडणार कसे? ‘स्टेबल’ म्हटल्याशिवाय लोक हात लावत नाहीत.

खरं दुखणं हेच आहे आणि याला सरळ उत्तर माझ्याकडे नाही. केडीईवाल्यांचाही आतला तिढा हाच होता, बाहेर सोडल्याशिवाय ॲपवाले येत नाहीत, ॲपवाले आल्याशिवाय ते बाहेर सोडण्यासारखं होत नाही. कुठेतरी कोणीतरी पहिला दगड खाणार.

फक्त दगड कोण खाणार हे त्याला विचारून ठरवावं असं मला वाटतं. मी आता रिलीझच्या आधी ‘टेस्ट करा’ अशी हाळी देत नाही, तिला कोणी ओ देत नाही. पाच-सहा जणांना नाव घेऊन मागतो, तुमच्याकडची मागच्या वर्षीची छापून झालेली फाइल द्या, मी नव्यातून काढतो आणि जुन्याशी ताडून बघतो. त्यांचं काही अडत नाही कारण अंक छापून झालेला आहे, आणि मला खराखुरा मजकूर मिळतो. या पद्धतीने २.१ मधे बारा बग सापडले, त्यातले तीन असे होते की मी सात जन्मात टेस्ट लिहिली नसती. एक तर ‘ॐ’ चा होता.

घाईत स्टेबल म्हणून बसलो आणि फसलंय, आता काय करू?

गुपचूप फाइल बदलू नका, त्याच आकड्याखाली दुसरा माल ठेवणं हे सगळ्यात वाईट. पायपीआयवर रिलीझ ‘यँक’ करता येतं, म्हणजे ज्याने तोच आकडा नेमका मागितलाय त्याला मिळतं पण नव्याने येणाऱ्याला मिळत नाही, ते वापरा. मग छोटा आकडा वाढवून दुरुस्ती काढा. आणि वर लिहा की काय बिघडलं, कोणाच्या फायली बिघडल्या असतील, आणि त्यांनी त्या कशा ओळखायच्या. मी लिहिलं होतं, ‘तुमच्या फायलीत दर्या, पायर्या, तर्हा असे शब्द शोधा, सापडले तर तुम्ही सापडलात’. लोक हसले, पण शोधलं सगळ्यांनी.

नव्याने लिहिलेलं कधी नीट पण उतरलंय का कोणाचं?

केडीईचंच. प्लाझ्मा ६ हे २८ फेब्रुवारी २०२४ ला आलं. खालचं क्यूटी ५ वरून ६ वर गेलं, म्हणजे पाया परत बदलला, पण वर राहणाऱ्याला वाटलं फक्त रंग दिलाय. सोळा वर्षांपूर्वीचा मार लक्षात होता असं म्हणायला हरकत नाही. यावर लिहिण्यासारखं फारसं नाही कारण काही झालंच नाही.

मग तुमचं टूल आता कुठलं वापरू, १.६ का २?

सलग मजकूर असेल तर २.३ घ्या. तळटीपा असतील तरी आता २.३ चालेल. एका फायलीत दोन फॉन्ट असतील तर अजून १.६, ते माझ्याच्याने अजून झालेलं नाही.

काका विचाराल तर ते १.६ वरच आहेत. २.३ त्यांच्या मशीनवर आहे, शेजारीच, वेगळ्या फोल्डरमधे, आणि त्या फोल्डरला त्यांनी नाव दिलंय ‘आचार्य’.